जादूच्या जागी काय? व्हिक्टोरियन परीकथा-कादंबऱ्या विकत घेण्याआधी

राक्षसाचा प्राण पोपटात असतो हे आपल्याकडच्या प्रत्येक मुलाला माहीत असते. परदेशी परीकथांचेही असेच आहे. सिंड्रेलाचा प्राण बाराच्या ठोक्यात आहे, ब्लूबिअर्डचा किल्लीत, हिमगौरीचा आरशात. या जुन्या गोष्टी आणि दंतकथा उचलून राणी व्हिक्टोरियाच्या इंग्लंडमध्ये नेऊन बसवणाऱ्या प्रणयकादंबऱ्या इंग्रजीत ढिगाने निघतात आणि पुण्यातही भरपूर फिरतात. डेक्कन आणि फर्ग्युसन रस्त्याच्या परिसरातले जुन्या पुस्तकांचे ठेले, किलोवर पुस्तके विकणारी प्रदर्शने, घरपोच पुस्तके देणारी वाचनालये, आणि अर्थात मोबाइलवरची ई-बुके. अप्पा बळवंत चौकात यांच्यासाठी पायपीट करू नका, तिथला बाजार पाठ्यपुस्तकांचा आणि स्पर्धा परीक्षांचा. हे परीक्षण एका पुस्तकाचे नाही, या सगळ्या मालाचे आहे. काय घ्यावे, काय परत ढिगात ठेवावे, आणि ठेल्यापाशी उभ्याउभ्या ते कसे ओळखावे, एवढेच सांगायचे आहे.

आमची कसोटी एकच. गोष्ट आटपाट नगरातून इंग्लंडमध्ये आणताना लेखिकेने जादू काढून टाकली, तर त्या जागी तेवढेच बळकट दुसरे काय ठेवले? आटपाट नगराला साल नसते, म्हणून तिथे काहीही चालते. कादंबरीच्या पहिल्या पानावर 'लंडन, १८५१' असे छापले की त्या सालाचा कायदा, कपडा, टपाल, रेल्वे, औषधे सगळे सोबत येते. चांगली लेखिका यातूनच शाप आणि राक्षस उभे करते. कच्ची लेखिका साल नुसते भिंतीवर टांगते.

म्हणून आधी साल शोधा. व्हिक्टोरिया २० जून १८३७ रोजी गादीवर आली आणि २२ जानेवारी १९०१ रोजी वारली. या त्रेसष्ट वर्षांत इतके बदलले की १८४० ची नवरी आणि १८९० ची नवरी दोन वेगळ्या देशांतल्या वाटाव्यात. पहिल्या दोन प्रकरणांत साल किंवा सालाची खूण नसेल तर पुस्तक खाली ठेवायला हरकत नाही. ठेल्यांवर आणखी एक घोटाळा नेहमी दिसतो. १८११ ते १८२० या रीजन्सी काळातल्या कादंबऱ्याही व्हिक्टोरियन म्हणून याच ढिगात पडलेल्या असतात. मुखपृष्ठावरच्या बाईची कंबर छातीच्या लगेच खाली असेल, आत आगगाडी आणि टपालाचे तिकीट कुठेच नसेल, तर पुस्तक रीजन्सीतले आहे. वाईट असेलच असे नाही, पण तुम्ही शोधत आहात ते हे नव्हे.

आता एकेक गोष्ट घेऊ. सगळ्यांना सारखी जागा देणार नाही, कारण सगळ्या सारख्या उतरत नाहीत.

आमच्या मते या काळात सर्वांत चपखल बसते ती ब्लूबिअर्डची गोष्ट. फ्रेंच लेखक पेरोने ती १६९७ मध्ये छापली: श्रीमंत नवरा, नव्या बायकोच्या हातात किल्ल्यांचा जुडगा, एक खोली उघडायची बंदी, आणि किल्लीवरून न निघणारा रक्ताचा डाग. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये यातली जादू काढली तरी काही उणे पडत नाही, कारण कायदा जवळजवळ ब्लूबिअर्डनेच लिहिलेला होता. लग्न झाले की बायकोचे कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विरघळे. तिच्या कमाईवर तिचा हक्क १८७० च्या कायद्याने आला, मालमत्तेवर पुरता हक्क १८८२ मध्ये. १८५७ पूर्वी पूर्ण घटस्फोट हवा असेल तर संसदेत स्वतंत्र कायदा मंजूर करून घ्यावा लागे. १८५७ नंतर न्यायालय मिळाले, पण नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे, बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य, दोन वर्षे टाकून देणे किंवा तसलेच दुसरे काही सिद्ध करावे लागे. बायकोला घरात कोंडून ठेवण्याचा हक्क नवऱ्याला नाही, हे अपील न्यायालयाने स्पष्ट सांगितले ते १८९१ मध्ये, क्लिदरो गावच्या जॅक्सन दांपत्याच्या खटल्यात. म्हणजे १८९१ आधीच्या कादंबरीत किल्ली फिरवणाऱ्या नवऱ्याला कायदा आपल्या बाजूला आहे असे खुशाल वाटू शकते. हे ज्या लेखिकेला माहीत आहे, तिची नायिका नुसती घाबरत नाही. ती दस्त वाचते, साक्षीदार जमवते, नवरा परगावी किती दिवस असेल ते मोजते. तिथे कादंबरी श्वास रोखून वाचावी लागते.

मराठी वाचकाला हा भाग अधिक जवळचा वाटेल, त्याला कारण आहे. नवऱ्याकडे नांदायला जायला नकार देणाऱ्या रखमाबाईंवरचा मुंबईतला खटला १८८४ मध्ये सुरू झाला. १८८७ मध्ये न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम दिला, आणि पुण्यातून 'केसरी'ने रखमाबाईंच्या विरोधात लिहिले. याच सुमारास खुद्द इंग्लंडने काय केले होते? नांदायला नकार दिल्याबद्दलचा तुरुंगवास १८८४ च्या कायद्याने काढून टाकला होता. पुढे १८८८ मध्ये खटला तडजोडीने मिटला आणि रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. १८८५ च्या लंडनमध्ये 'नांदायला ये, नाहीतर तुरुंगात टाकीन' अशी धमकी देणारा नवरा कादंबरीत भेटला, आणि त्याला तिथेच कुणी कायदा दाखवला नाही, तर लेखिकेने तारखा तपासलेल्या नाहीत.

ब्युटी अँड द बीस्ट ही दुसरी भरवशाची निवड. फ्रेंच लेखिका व्हिलनव्हने १७४० मध्ये लिहिलेली मूळ गोष्ट लांबलचक आहे, बोमाँ या दुसऱ्या फ्रेंच लेखिकेने १७५६ मध्ये केलेला आटोपशीर अवतार जगभर गेला. दोन्हींत मुलीचा बाप व्यापारी आहे आणि तो कंगाल होतो, हे विसरू नये. गोष्टीचा पाया कर्ज आहे, गुलाब नंतर येतो. इंग्लंडमध्ये कर्ज फेडता न आलेल्याला तुरुंगात टाकण्याची पद्धत १८६९ च्या कायद्याने बहुतांशी बंद केली. कथानक १८६९ पूर्वीचे असेल तर बापासाठी मुलीने परक्याच्या वाड्यात राहायला जाणे पटते, ग्रंथालयाची यादी करायला म्हणा, कारभार बघायला म्हणा. १८७५ चे असेल तर लेखिकेने दुसरा पेच शोधायला हवा: एखादा खोटा दस्त, एखादी फौजदारी.

या गोष्टीत दोन ठिकाणी हमखास माती होते. एक म्हणजे बीस्ट. क्रिमियाच्या युद्धात (१८५३ ते १८५६) भाजलेला, एक हात गमावलेला, लोकांसमोर जेवायला बसू न शकणारा माणूस हा बीस्ट आहे. गालावर बोटभर व्रण आणि बाकी सगळा राजबिंडा, हा बीस्ट नाही. त्याला बघून कुणी का घाबरावे? मुखपृष्ठ आणि पहिली भेट ताडून पाहा, दोन मिनिटांत कळते. दुसरी माती परतीच्या वायद्यात होते. ब्युटी माहेरी जाते, ठरलेल्या दिवशी परतत नाही, आणि तिकडे बीस्ट मरणपंथाला लागतो. १८४० मध्ये हे चालेल. १८६० मध्ये तारयंत्र आहे, आगगाडी आहे. 'उशीर होतोय' एवढी तार करायला तिला काय झाले होते? चांगल्या कादंबरीत बहिणी तार दडवतात, किंवा वाडाच अशा ठिकाणी असतो की सर्वांत जवळचे तारघर वीस मैलांवर. वाईट कादंबरीत तारेचे नावच निघत नाही.

सिंड्रेला सर्वांत जास्त छापली जाते आणि सर्वांत जास्त फसते. आधी लेखिकेने कुठली सिंड्रेला घेतली ते पाहा. पेरोची काचेच्या बुटाची आणि परीमावशीची, की ग्रिम बंधूंची, जिच्यात आईच्या थडग्यावरचे झाड आणि पाखरे तिला कपडे देतात आणि बूट सोन्याचा असतो? ग्रिमची घेतली तर कादंबरीत आई हवी: तिचे मृत्युपत्र, तिचे दागिने, तिची जुनी मोलकरीण. काचेचा बूट घेतला तर साल कामाला येते. काचेवरचा अबकारी कर १८४५ मध्ये उठला, आणि सहाच वर्षांनी लंडनच्या हाइड पार्कात जागतिक प्रदर्शनासाठी काचेचा अख्खा महाल उभा राहिला. १८५१ च्या त्या प्रदर्शनात घडणारी सिंड्रेला काचेशी खेळू शकते, आणि ज्या खेळतात त्या वाचनीय होतात.

बाराचा ठोका मात्र बहुतेकींना पेलत नाही. लंडनमधले बॉल, म्हणजे नाचाचे समारंभ, रात्री दहाच्या पुढे रंगात येत आणि पहाटे तीन-चारपर्यंत चालत. मध्यरात्री निघून जाणे म्हणजे पंगत बसायच्या वेळी उठून जाण्यासारखे, सगळ्यांच्या डोळ्यांवर येणारे. म्हणून बाराला ठोस कारण लागते. शेवटची गाडी असेल, धनीणबाई परतायची वेळ असेल, नाहीतर कपडा दुसऱ्याच्या कपाटातून आणलेला असेल. 'तिला अचानक भीती वाटली' हे कारण नव्हे.

कपड्यांकडे बारकाईने पाहा, तिथे लेखिकेचा अभ्यास उघडा पडतो. घरात राबणाऱ्या, मदतीला कुणी नसलेल्या मुलीने बॉलचा पोशाख एकटीने घातला असे लिहिले असेल तर थांबा. त्या पोशाखाची चोळी पाठीवर आवळायची असे, तिथे दुसऱ्याचे हात लागतच. कॉर्सेटला पुढून अडकवायच्या पट्ट्या आल्या आणि १८५० च्या आसपास सर्रास झाल्या, तेव्हा निदान तो तरी एकटीला घालता येऊ लागला. नऊवारी बाई आपली आपण नेसते, त्यामुळे आपल्या वाचकाच्या हे चटकन लक्षात येत नाही, पण त्या समाजात मोलकरीण नसणे म्हणजे नीट कपडेच घालता न येणे. सिंड्रेलाच्या परीमावशीची खरी जागा इथे आहे: पाठीचे बंद आवळणारी दोन हातांची बाई. ज्या कादंबरीत हा प्रसंग पान-दोन पाने नीट रंगवला आहे ती डोळे झाकून घ्या. पोलादी कड्यांचा पिंजरा असलेला घेरदार क्रिनोलिन १८५६ चा, रसायनापासून केलेला पहिला जांभळा रंगही १८५६ चाच. १८५१ च्या प्रदर्शनात त्या रंगाचा पिंजऱ्याचा घागरा दिसला तर पुस्तक पाच वर्षांनी चुकले आहे.

हिमगौरी कमी लिहिली जाते, पण जमली तर झकास जमते, कारण विष. इंग्लंडमध्ये सोमल (आर्सेनिक) उंदीर मारायला सहज मिळे. १८५१ च्या कायद्याने विक्रेत्याला घेणाऱ्याचे नाव वहीत लिहून सही घेणे भाग पडले, आणि किरकोळ विक्रीच्या सोमलात काजळी किंवा नीळ मिसळायची सक्ती झाली: १ पौंडाला १ औंस काजळी किंवा अर्धा औंस नीळ. पांढरी पूड पिठात किंवा साखरेत खपून जाऊ नये म्हणून. तेव्हा १८५५ ची सावत्र आई दुकानातून सोमल आणून सफरचंदाच्या गोड पदार्थात घालते आणि कुणाच्या डोळ्यांना काही दिसत नाही, हे पटत नाही. तिने दुसरी वाट काढायला हवी. तांबे आणि सोमल यांपासून केलेला हिरवा रंग तेव्हा भिंतीच्या कागदात, कापडात, कृत्रिम फुलांत असे. हिरव्या कागदाची खोली आणि त्यात हळूहळू खंगणारी मुलगी, हे विषारी सफरचंदापेक्षाही अंगावर येते. आरशाच्या जागी छायाचित्रे येतात. १८६० च्या सुमारास माणसांच्या छायाचित्रांची छोटी कार्डे जमवण्याची लाट होती, आणि कुणाचे कार्ड जास्त खपते हे आरशाने सांगावे तसे दुकानदार सांगू शके.

झोपलेली राजकन्या टाळा. क्लोरोफॉर्म १८४७ पासून वापरात आला खरा, पण त्याने शंभर वर्षे काय, शंभर मिनिटेही सुखाने निभत नाहीत, आणि झोपेतल्या मुलीचे चुंबन आजच्या वाचकाला गोड लागत नाही. मनोऱ्यात कोंडलेली रापुन्झेलही मध्यमच: मनोरा म्हणजे पालक आणि एकविसाव्या वाढदिवसापर्यंतची वाट, एवढ्यावर चारशे पाने ओढली जातात. जलपरीचे दुखणे वेगळे आहे. डेन्मार्कच्या अँडरसनची मूळ गोष्ट १८३७ ची, व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्याच सालची, आणि तिचा शेवट दुःखाचा. प्रणयकादंबरीला सुखान्त लागतोच. त्यामुळे शेवट उलटवताना पायांसाठी आवाज गमावण्याची किंमतच पुसली जाते. एक खूण सोबत ठेवा. ग्रिम इंग्रजीत १८२३ पासून मिळू लागले, अँडरसन १८४६ पासून. १८४० ची नायिका अँडरसन इंग्रजीत वाचत बसली असेल तर ते पुस्तक तिच्या हाती कुठून आले?

दंतकथांपैकी आर्थर राजाची मंडळी या काळात स्वतःच्या पायाने येतात, कारण व्हिक्टोरियन लोकांनाच त्यांचे वेड होते. ऑगस्ट १८३९ मध्ये स्कॉटलंडातल्या एग्लिंटन इथे सरदार लोकांनी चिलखते घालून खरीखुरी मध्ययुगीन झुंज भरवली, हजारो माणसे जमली आणि मुसळधार पावसाने सगळा चिखल केला. आर्थरची प्रणयकथा त्या चिखलात सुरू होत असेल तर पुस्तक जरूर उचला.

लग्नाचे प्रसंग पटकन तपासता येतात. चर्चमधले लग्न सकाळी आठ ते दुपारी बारा याच वेळेत लागे, १८८६ पासून ती वेळ तीनपर्यंत वाढली. सायंकाळी मेणबत्त्यांत लग्न लावायचे तर आर्चबिशपचा खास परवाना हवा. पळून जाऊन स्कॉटलंडच्या सीमेवरच्या ग्रेटना ग्रीन गावी त्याच दिवशी लग्न, हेही १८५६ अखेरपर्यंतच. नंतर दोघांपैकी एकाने आधी एकवीस दिवस स्कॉटलंडात राहिलेले असले पाहिजे. हे एकवीस दिवस म्हणजे कथानकाला मिळालेली देणगी आहे, पण फार थोड्या लेखिका ती वापरतात. हाक मारण्याच्या रीतीही बघा. ड्यूकला नोकर 'युअर ग्रेस' म्हणतील. नाइटची बायको 'लेडी' आणि पुढे आडनाव, अर्लची मुलगी 'लेडी' आणि पुढे तिचे नाव. एकाच बाईला एका पानावर असे आणि दुसऱ्या पानावर तसे म्हटले असेल तर पुढे आणखी चुका निघतील.

आपल्याकडच्या वाचकाला खटकणारी एक जागा या कादंबऱ्यांत वारंवार येते: हिंदुस्थानातून परतलेला, गडगंज आणि दुखावलेला नायक. बीस्ट आणि ब्लूबिअर्ड दोघेही बरेचदा असे असतात, आणि 'पूना' हे नाव सजावटीसारखे येते. तिथे टपाल मोजा. सुएझ कालवा नोव्हेंबर १८६९ मध्ये खुला झाला. त्याआधी इजिप्तमधून जमिनीवरून येणारे पत्र मुंबईहून लंडनला महिना-दीड महिना घेई, आफ्रिकेला वळसा घालणारे शिडाचे जहाज चार ते सहा महिने. पुण्याहून मुंबईपर्यंत सलग आगगाडी १८६३ मध्ये बोर घाटाचा मार्ग पुरा झाल्यावर आली. त्याआधी खंडाळ्याचा घाट रस्त्याने उतरावा लागे. १८५० मध्ये पुण्यात लिहिलेले पत्र पंधरवड्यात नायिकेच्या हाती पडले तर ती जादूच, आणि लेखिकेच्या लक्षात न आलेली जादू. उलट ज्या कादंबरीत पत्र दीड महिना समुद्रावर आहे, तोवर लिहिणाऱ्याचे मन बदलले आहे, आणि वाचणारीला ते ठाऊक नाही, तिथे जुन्या शापाची ताकद येते.

भाषेबद्दल. कॉलेजपुरते इंग्रजी असेल तर या कादंबऱ्या वाचता येतात, अडतात ते कायद्याचे शब्द. एन्टेल म्हणजे मालमत्ता ठरावीक वारसाकडेच जाण्याचे बंधन, सेटलमेंट म्हणजे लग्नाआधी मुलीच्या नावे लिहून दिलेली तरतूद, वॉर्ड म्हणजे पालकाच्या ताब्यातले, अजून सज्ञान न झालेले मूल, डाऊजर म्हणजे आधीच्या सरदाराची विधवा. एवढे चार पक्के केले की निम्मे कथानक सुटते. ई-बुक घेणार असाल तर आधी फुकटचा नमुना उतरवून घ्या, सालाची आणि हाकेची परीक्षा तेवढ्यात होते.

भाचीला किंवा लेकीला भेट द्यायची असेल तर मुखपृष्ठावर विसंबू नका. हल्ली गोड, रेखाटलेल्या चित्रांची मुखपृष्ठे असतात आणि आत शयनगृहाचे प्रसंग सविस्तर असतात. ते बहुधा पुस्तकाच्या मध्यानंतर येतात, तिथली पाने चाळून मगच द्या. मालिकेतला कितवा भाग आहे तेही पाहा. भावंडांच्या मालिका असतात आणि तिसऱ्या भागात पहिल्या दोघांची लग्ने उघड झालेली असतात.

जुनी प्रत घेताना कणा दोन्ही हातांत धरून पुस्तक मधोमध उघडा. या खिशात मावणाऱ्या कादंबऱ्यांची बांधणी नुसत्या गोंदाची असते, वाळलेला गोंद तिथेच 'कट्' करून तडकतो. पिवळा कागद चालेल, तो लाकडाच्या लगद्याचाच असतो. काळे ठिपके आणि ओलसर वास नको, ती पावसाळ्यातली बुरशी असते आणि घरच्या बाकी पुस्तकांवरही जाते. कसरीसाठी कपाटात वेखंडाची पुरचुंडी ठेवा. रस्त्यावरच्या नक्कल प्रतींत छपाई फिकी, समास वाकडे, आणि कधी अख्खा सोळा पानांचा फर्मा गायब असतो. म्हणून पैसे देण्याआधी पान क्रमांक सलग आहेत का ते पाहा, विशेषतः शेवटच्या तीस पानांचे. खोलीचे दार तिथेच उघडते.